बंद होत असलेल्या स्टुडिओतील तीन जुन्या लेन्स : कोणती घ्यावी, कशी तपासावी, कशी जपावी

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. आपण चिपळूणला राहता. आपल्याकडे सोनीचा ए ६४०० हा मिररलेस कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे. गावातील एक जुना स्टुडिओ बंद होतो आहे आणि त्याच्या मालकांनी आपल्याला तीन मॅन्युअल, म्हणजे फोकस हाताने करायच्या, लेन्स देऊ केल्या आहेत: पेंटॅक्स-एम ५० मिमी एफ १.७, रशियन बनावटीची हेलिओस ४४-२ आणि निकॉन माउंटची, म्हणजे निकॉनच्या कॅमेऱ्याच्या जोडाला बसणारी, ७०-२१० मिमीची एक झूम. झूमच्या आत ‘कोळिष्टकासारखे काहीतरी’ दिसते. या लेन्स घ्याव्यात का, आपल्या कॅमेऱ्याला त्या कशा बसवाव्यात आणि कोकणातल्या पावसात त्या टिकतील का, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पेंटॅक्स तपासणीत उतरली तर डोळे झाकून घ्या. हेलिओसही घ्या, परंतु लोक ती ज्या गुणासाठी शोधत फिरतात तो गुण आपल्या कॅमेऱ्यावर निम्माशिम्माच दिसणार आहे, हे आधी समजून घ्या. झूम मात्र फुकट मिळाली तरी घरी आणू नका. जुन्या लेन्सच्या बाबतीत नाव वाचून नव्हे, नग पाहून व्यवहार करावा. एखाद्या लेन्सची जी कीर्ती आपण वाचतो ती तिच्या रचनेची असते. आपल्या हातात येतो तो मात्र ४०-४५ पावसाळे काढलेला, कदाचित दोनतीनदा उघडला गेलेला एक विशिष्ट नग, आणि एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन लेन्स इतक्या काळानंतर सारख्या राहिलेल्या नसतात.

म्हणून पहिला प्रश्न लेन्सला नव्हे, मालकांना विचारा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा या लेन्स कुठे होत्या? वरच्या मजल्यावर होत्या, की दुकानातल्या खालच्या कप्प्यात? हा प्रश्न विचारायला संकोच वाटू शकतो, पण स्टुडिओचे मालक स्वतः छायाचित्रकार असतील तर ते समजून घेतील. पुरात बुडून नंतर वाळवलेली लेन्स बाहेरून पुसली की स्वच्छ दिसते, परंतु फोकस पुढेमागे करणाऱ्या तिच्या आतल्या पेचात बारीक गाळ राहतो, स्क्रूंच्या खाचांत तांबूस गंज दिसतो आणि आतल्या काळ्या रंगावर पाणी जिथे साचून सुकले तिथे फिकट रेषा राहते. अशी लेन्स दुरुस्त होते, परंतु दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या वर जातो.

इतिहास समाधानकारक असेल तर लेन्स हातात घ्या आणि काचेकडे न पाहता आधी तिचा धातू पाहा. पुढच्या फिल्टर रिंगला पोचा असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. पोच्यामुळे चित्र बिघडतेच असे नाही, पण आतली भिंगे जागेवरून हलली आहेत का हे नंतर कॅमेऱ्यावर लावून पाहावे लागेल. मागच्या माउंटवरील स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील किंवा पुढच्या नाव कोरलेल्या कड्याच्या खाचांभोवती पक्कड घसरल्याच्या खुणा असतील, तर कोणीतरी ती उघडली आहे. चांगल्या कारागिराच्या हाताने उघडलेल्या लेन्सवर सहसा खुणा राहत नाहीत. खुणा दिसल्या म्हणजे उघडणाऱ्याकडे योग्य हत्यारे नव्हती, आणि मग आत त्याने काय केले असेल याची शंका घ्यावी.

त्यानंतर फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ती जड असली तरी चालेल, परंतु सर्वत्र सारखीच जड असली पाहिजे. मध्येच हलकी, मध्येच घट्ट लागत असेल तर वंगण सुकले आहे किंवा पेच झिजला आहे. फिरवताना करकर ऐकू आली तर आत वाळू आहे. किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये हे हमखास आढळते, आणि वाळू गेलेला पेच पुन्हा कधी पूर्वीसारखा फिरत नाही. रशियन लेन्सचे मूळ वंगण वर्षे उलटल्यावर मेणासारखे घट्ट होते. हेलिओस फिरवायला जोर लागला म्हणून लगेच नाकारू नका. वंगण बदलून घेणे हे कोणत्याही जुन्या दुरुस्तीवाल्याचे नेहमीचे काम आहे.

अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी, पाती तपासण्याची रीत माउंटप्रमाणे बदलते, आणि इथेच नवखे लोक चांगली लेन्स बिघडलेली समजतात. पेंटॅक्सच्या के माउंटच्या लेन्समध्ये मागच्या बाजूला एक लहान खटका असतो. लेन्स हातात असताना पाती रिंगवर लावलेल्या आकड्याइतकी मिटलेली राहतात आणि खटका ढकलला की उघडतात. रिंग एफ २२ वर (हा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ठेवून खटका बोटाने पूर्ण ढकला आणि एकदम सोडा. पाती डोळ्याची पापणी मिटावी तशी चटकन मिटली पाहिजेत. ती सावकाश, आळसावल्यासारखी मिटत असतील तर त्यांच्यावर तेल आले आहे. निकॉनच्या लेन्सलाही हीच चाचणी लागू होते. एम ४२ या आट्याच्या माउंटच्या ऑटो लेन्समध्ये बरोबर उलटे असते: तिथे पाती उघडी राहतात आणि मागची बारीक पिन दाबल्यावर मिटतात. आपल्याला देऊ केलेली हेलिओस ४४-२ एम ४२ माउंटचीच आहे, पण ती यांपैकी कशातच बसत नाही, कारण तिच्यात खटकाही नाही आणि पिनही नाही. तिला पुढच्या बाजूला दोन रिंगा आहेत. एकीने किती मिटायचे ती मर्यादा लावायची आणि दुसरीने हाताने उघडायचे-मिटायचे. दुसरी रिंग टिकटिक न करता लोण्यासारखी फिरते, आणि पाती आठ असल्यामुळे मिटत जाणारे छिद्र बऱ्यापैकी गोल राहते.

पात्यांवरच्या तेलाबद्दल एक सूचना. फिल्म कॅमेऱ्यावर वापरायची असेल तर तेलकट पात्यांची लेन्स निरुपयोगी, कारण शटर उघडण्याच्या क्षणी पाती मिटणे तिथे आवश्यक असते. आपल्या मिररलेस कॅमेऱ्यावर पाती आधीच मिटलेली असतात, त्यामुळे त्यांचा आळस चित्रात दिसत नाही. तरीही तेल उन्हाळ्यात उडून जवळच्या काचांवर धुरकट थर धरते, म्हणून किंमत ठरवताना ते दाखवून द्यावे. निकॉनची ५५ मिमी एफ २.८ मायक्रो ही अप्रतिम लेन्स या तेलकटपणासाठी प्रसिद्ध आहे. ती पुढे कधी दिसली तर काचेआधी पाती पाहा.

आता काच. खोलीतला दिवा बंद करा किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात जा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. पेंटॅक्सचा खटका बोटाने दाबून धरावा लागेल. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून, वीतभर अंतरावरून आत सोडा आणि पुढून तिरपे पाहा, म्हणजे प्रकाश थेट डोळ्यांत येणार नाही आणि काचेवर जे काही असेल ते काळ्या पार्श्वभूमीवर उजळून निघेल. मग लेन्स हळूहळू कलती करत फिरवा. पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतो, कारण टॉर्चच्या उजेडात नवीकोरी लेन्ससुद्धा धुळीने भरलेली दिसते. सुटे चमकणारे ठिपके म्हणजे धूळ. जुन्या लेन्समध्ये ती असतेच आणि चित्रावर तिचा काहीही परिणाम होत नाही.

धूळ सोडून तीन गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत. पहिली फंगस, म्हणजे बुरशी. तिचे धागे फांद्या फुटल्यासारखे पसरतात. वहीत ठेवून जाळी झालेले पिंपळपान पाहिले असेल तर हा नमुना ओळखायला अडचण येणार नाही. दुसरी गोष्ट धुरकटपणा, ज्याला दुरुस्तीवाले हेज म्हणतात. चष्म्यावर श्वास सोडल्यावर जी साय येते तशी सर्व काचेवर पसरलेली साय टॉर्चमध्ये दिसते. साध्या उजेडात ती दिसतच नाही, म्हणून ती सर्वांत फसवी. तिसरी गोष्ट म्हणजे चिकटवलेल्या भिंगांची फारकत. काही भिंगे जोडीने डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेली असतात. ते द्रव्य कडेने सुटू लागले की काठावर इंद्रधनुष्यी कमानी दिसतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या रंगांसारख्या. त्यावर घरगुती उपाय नाही आणि कारागिराकडचा उपाय परवडणारा नाही.

हे मी अनुभवाने बोलतो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका पावसाळी रविवारी मला १३५ मिमीची एक लेन्स दिसली. बाहेरून ती जणू कालच पेटीतून काढलेली. मी ती आकाशाकडे धरून पाहिली, काच स्वच्छ दिसली, घासाघीस करून घेतली आणि खूश होऊन घरी आलो. रात्री टॉर्च लावला तेव्हा मधल्या भिंगजोडीच्या कडेला पाऊण वर्तुळभर रंगीत कमान उमटली होती. विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने बहुधा आत कधी पाहिलेच नव्हते. आकाशाकडे धरून लेन्स तपासता येत नाही, हे मला त्या दिवशी पैसे मोजून कळले. ती लेन्स अजून माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून आहे.

आपल्या वर्णनावरून झूममधील ‘कोळिष्टक’ ही फंगस आहे, यात मला फारशी शंका वाटत नाही. फंगसला जगायला दमट हवा आणि थोडेसे अन्न लागते. हवेतील आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की धूळ, वंगणाचा अंश आणि बोटांचा तेलकटपणा एवढ्यावर ती वाढते. वाढताना ती आम्ल सोडते आणि ते काचेवरील लेप, कधी काचही, खाते. म्हणून नवी, विरळ फंगस पुसली तर मागे काही राहत नाही. जुनी फंगस पुसली तरी तिच्या धाग्यांची नक्षी लेपावर कोरलेली राहते. दुरुस्तीवाले ती औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने मारतात आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसतात. प्रश्न फंगस मारण्याचा नसतो, तिथपर्यंत पोहोचण्याचा असतो. ५० मिमीच्या साध्या लेन्सची मागची भिंगे अर्ध्या तासात निघतात. झूममध्ये भिंगांचे अनेक गट एकमेकांवर सरकत असतात आणि ते पुन्हा नेमके जागेवर बसवणे हे खरे कौशल्याचे काम आहे. त्यात ७०-२१० च्या बहुतेक झूम पुढे-मागे ओढायच्या असतात. वापराने त्यांची पकड ढिली होते आणि लेन्स खाली धरली की नळी आपोआप घसरते. एवढे सगळे निस्तरल्यावर जे चित्र मिळते ते आपल्या किट झूमपेक्षा फार वेगळे नसते.

फंगस एका लेन्सकडून दुसरीला लागते, ही भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. बुरशीचे बीजकण सगळीकडच्या हवेत असतातच. ते रुजतात की नाही हे हवेतला ओलावा ठरवतो. तरीही जिवंत फंगस असलेली लेन्स चांगल्या लेन्ससोबत बंद डब्यात ठेवू नये, एवढी काळजी मी घेतो.

पुढच्या काचेवर ओरखडे असतील तर काय? ते जितके वाईट दिसतात तितके बाधत नाहीत. पटत नसेल तर आपल्या किट लेन्सच्या पुढच्या काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा काळा कागद अलगद टेकवून छायाचित्र घ्या. तो कागद चित्रात शोधून सापडणार नाही. मागच्या काचेवरील ओरखडा मात्र गंभीर धरावा, कारण तिथे प्रत्येक बिंदूकडे जाणारी किरणांची शलाका अरुंद झालेली असते आणि दोष चित्रात उतरतो. ओरखड्यांवरून किंमत उतरवून घेता येते, आणि पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असलेली, पण आतून निर्मळ लेन्स हा माझ्या मते सर्वांत फायद्याचा सौदा असतो.

आता या लेन्स आपल्या कॅमेऱ्याला बसतात कशा, ते पाहू. प्रत्येक कॅमेरा-प्रकारात माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचे किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. पेंटॅक्स के आणि एम ४२ मध्ये ते ४५.४६ मिमी आहे, निकॉन एफ मध्ये ४६.५, मिनोल्टाच्या जुन्या माउंटमध्ये ४३.५, कॅनन एफडी मध्ये ४२. सोनीच्या ई माउंटमध्ये आरसाच नसल्यामुळे ते अवघे १८ मिमी आहे. म्हणजे पेंटॅक्सच्या लेन्ससाठी मध्ये २७.४६ मिमीची रिकामी नळी हवी, आणि अ‍ॅडाप्टर म्हणजे नेमके तेवढेच. त्यात काच नसते, म्हणून चित्राचा दर्जा घटण्याचे कारण नाही. आपला कॅमेरा निकॉनचा डीएसएलआर, म्हणजे आरशाचा, असता तर हीच लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूवर, फोकस झाली नसती, कारण ४५.४६ हे ४६.५ पेक्षा कमी आहे आणि उणे जाडीचा अ‍ॅडाप्टर कोणी बनवू शकत नाही. तिथे काच घातलेले अ‍ॅडाप्टर विकले जातात. त्यांच्यापासून दूर राहावे. कॅननच्या ईएफ माउंटचे अंतर ४४ मिमी असल्यामुळे तिथे एम ४२ आणि निकॉनच्या लेन्स चालतात, पण गंमत म्हणजे कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स चालत नाहीत.

वरील आकड्यांत एक गोष्ट लक्षात आली असेल: पेंटॅक्स के आणि एम ४२ यांचे अंतर एकच आहे. हा योगायोग नाही. पेंटॅक्सने १९७५ मध्ये आट्याचा माउंट सोडून के माउंट आणला तेव्हा जुन्या ग्राहकांच्या लेन्स वाया जाऊ नयेत म्हणून अंतर तेच ठेवले आणि मध्ये बसणारी पातळ चकती काढली. म्हणून आपल्याला दोन लेन्ससाठी दोन मोठे अ‍ॅडाप्टर घ्यायची गरज नाही. पेंटॅक्स के ते सोनी ई असा एक अ‍ॅडाप्टर आणि एम ४२ ते के अशी ती चकती एवढ्यात काम भागते. फक्त चकती माउंटच्या आत पूर्ण बुडून बसणारी असावी. बाहेर कड असलेली चकती लेन्सला मिलिमीटरभर पुढे ढकलते आणि मग दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाही. आणखी एक सोय अशी की या दोन्ही लेन्सच्या फिल्टरचे आटे ४९ मिमीचे आहेत. एकच रबरी हुड (तिरपा उजेड अडवणारे पुढचे कडे) दोघींना चालेल.

अ‍ॅडाप्टर आधी मागवा आणि तो कॅमेऱ्यावर लावूनच स्टुडिओत जा. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये लेन्स नसताना शटर चालू देण्याची सोय असते, ती सुरू करावी लागेल, अन्यथा बटण दाबूनही काही होणार नाही. मग तीन छायाचित्रे घ्या. पहिले दूरच्या टॉवरचे, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, अनंतापर्यंत फोकस पोहोचतो का हे पाहण्यासाठी. स्वस्त अ‍ॅडाप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवलेले असतात, त्यामुळे रिंग अनंताच्या खुणेच्या अलीकडे असतानाच टॉवर स्पष्ट होईल. तो दोष समजू नये. दुसरे जांभ्या दगडाच्या किंवा विटांच्या भिंतीचे, अगदी समोरून. भिंतीची डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर आली तर आतले भिंग कलले आहे, आणि त्या पोच्याची किंवा त्या ओरखड्यांच्या स्क्रूंची गोष्ट आपल्याला कळली. तिसरे खिडकीकडे तोंड करून, उजेडासमोर. सगळे चित्र दुधात बुडाल्यासारखे फिके आले तर टॉर्चने पुन्हा पाहा. कुठेतरी धुरकटपणा नजरेतून सुटला आहे.

आता हेलिओसची गोष्ट. ५८ मिमी एफ २ ही तिची रचना मूळची कार्ल झाइस येनाच्या बायोटार लेन्सची. सोव्हिएत संघात ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात आणि पुढे इतर कारखान्यांतही प्रचंड संख्येने तयार झाली. झेनिट कॅमेऱ्यांसोबत ती येत असे, म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटात ती अजून सापडते. तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा उत्पादनाचे वर्ष सांगतात. ८३ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे साधारण १९८३ ची लेन्स. लोक तिच्यामागे लागतात ते मागच्या झाडांच्या पानांची भोवऱ्यासारखी फिरकी चित्रात येते म्हणून. ही फिरकी चित्राच्या मध्यावर नसते. कडेला जाताना लेन्सच्या नळीमुळे प्रकाशाचे गोल कापले जाऊन बदामासारखे होतात आणि ते बदाम केंद्राभोवती रचल्यासारखे दिसतात. त्यात भिंगांचे कडेचे दोष मिसळतात. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान आहे, त्यामुळे तो नेमक्या याच कडा कापून टाकतो. फिरकी उरते ती थोडी, आणि तीही व्यक्ती दीडदोन मीटरवर, मागे बऱ्याच अंतरावर ऊन झिरपत असलेली झाडी आणि अ‍ॅपर्चर एफ २ वर असेल तेव्हाच. तेवढ्यासाठीही मी ती घेईन. परंतु फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर काढलेली छायाचित्रे पाहून अपेक्षा बांधल्या असतील तर निराशा होईल.

याच दीडपटीमुळे ५० मिमीची लेन्स आपल्याकडे ७५ मिमीसारखी आणि ५८ मिमीची ८७ मिमीसारखी वागेल. चेहऱ्यांसाठी ते उत्तम; घरातल्या खोलीत सगळ्या कुटुंबाचे छायाचित्र घ्यायला मात्र भिंतीला पाठ टेकली तरी जागा पुरणार नाही. रोजच्या वापराची लेन्स हवी असेल तर पुढे २८ मिमी एफ २.८ शोधा.

वापरण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण दोन दिवसांत हात बसतो. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा. अ‍ॅपर्चर आपण रिंगने लावायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. ए ६४०० च्या आत प्रतिमा स्थिर करण्याची यंत्रणा नाही, म्हणून ऑटो आयएसओमध्ये (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोपवणाऱ्या सोयीत) शटरचा किमान वेग १/१२५ लावून ठेवा. फोकससाठी पडद्यावर रंगीत कडा दाखवणारे पीकिंग सोयीचे वाटते, पण एफ १.७ वर ते फसवते: डोळा, भुवई आणि कान तिन्ही रंगवून दाखवते आणि प्रत्यक्षात त्यांपैकी एकच स्पष्ट असतो. त्याऐवजी चित्र मोठे करून दाखवण्याची सोय एखाद्या हाताशी असलेल्या बटणावर लावून घ्या आणि पापणीवर फोकस करा. हलत्या मुलाच्या बाबतीत रिंगच्या मागे धावू नका. फोकस एका अंतरावर ठेवून स्वतःच किंचित पुढेमागे व्हा. पेंटॅक्स एफ १.७ वर जरा मऊ आणि एफ ४ वर कडक, असे तिचे दोन स्वभाव आहेत आणि दोन्ही उपयोगाचे आहेत. हेलिओस उजेडासमोर लवकर फिकी पडते, म्हणून तिच्यावर हुड कायम असू द्यावा.

या दोन जमल्या नाहीत, तर शोधायला जागा पुष्कळ आहेत. बंद होणारे स्टुडिओ हीच माझी पहिली पसंती, कारण तिथे लेन्सचा मालक समोर असतो आणि तिचा इतिहास विचारता येतो. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजाराच्या परिसरातील कॅमेऱ्यांची दुकाने, चोर बाजार, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीत चांदणी चौकातील कूचा चौधरी, कोलकात्यात मेट्रो गल्ली, ही नेहमीची ठिकाणे. दुकानात किंमत जास्त पडते, पण लेन्स बदलून मिळण्याची शक्यता असते. बाजारात टॉर्च हाच आपला वकील. पेंटॅक्स के १०००, याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम १० असे विद्यार्थ्यांनी वापरलेले कॅमेरे लेन्ससकट मिळत असतील तर अख्खा संच घ्यावा, कारण कॅमेरा बंद असल्यामुळे विकणारा लेन्सही त्याच भावात देतो. जपानमधून मागवायचे असेल तर वर्णनातली विशेषणे सोडून बारीक अक्षरांतला तपशील वाचा. ‘उत्कृष्ट’ या शब्दापुढे पाच अधिक चिन्हे असतात आणि खाली हळूच थोडी फंगस असल्याचे लिहिलेले असते. शिवाय आयातशुल्क आणि कुरियर धरून हिशेब करा. लेन्स, अ‍ॅडाप्टर आणि साफसफाई मिळून नव्या ऑटोफोकस ५० मिमी एफ १.८ च्या किमतीजवळ जात असेल तर सौदा सोडून द्यावा, हा माझा ठोकताळा आहे.

पेंटॅक्सच्याच जुन्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ १.४ ची काच पिवळट दिसली तर दचकू नका. तिच्या एका भिंगात किरणोत्सारी थोरियम असल्यामुळे काच काळानुसार चहासारखी पिवळी पडते आणि काही दिवस अतिनील दिव्याखाली ठेवल्यास पुष्कळशी निवळते. वापरायला ती धोकादायक नाही. तिचे भिंग घासणे किंवा फोडणे मात्र टाळावे. आपल्याला मिळणाऱ्या एफ १.७ मध्ये हा प्रश्न नाही.

शेवटी चिपळूणचा पाऊस. जुन्या लेन्ससोबत चामड्याचे सुंदर डबे येतात. ते शोभेला ठेवा, लेन्स त्यांत ठेवू नका, कारण चामडे ओल धरते आणि बुरशीला पोसते. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरून ठेवण्याचा घरगुती सल्लाही ऐकू नका. तांदळाचा कोंडा हे बुरशीचे आयते जेवण आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पारदर्शक डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे लहान घड्याळ ठेवा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील एवढे पाहा. त्याहून फार कोरडे करण्यात काही फायदा नाही, वंगण सुकते. जेलने रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे संयुग असते, म्हणून स्वयंपाकाची कढई त्यासाठी वापरू नका. पावसात फिरून आल्यावर लेन्स लगेच डब्यात बंद करू नका. पुसून पंख्याखाली तासभर ठेवा. जुने स्टुडिओवाले कपाटात मंद बल्ब लावून ठेवत, आणि तो उपायही वाईट नव्हता, पण आता वीज जाते तेव्हा कपाट थंड होऊन आत ओल धरते, म्हणून मी डब्यावरच विसंबतो.

पेंटॅक्स आणि हेलिओस घरी आल्यावर पहिले दोन महिने किट लेन्सपासून वेगळ्या डब्यात ठेवा. टॉर्चची तपासणी वर्षातून दोनदा करा: एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा खंडेनवमीला, कारण त्या दिवशी पूजेसाठी कॅमेरा बाहेर निघतोच. फक्त हळदकुंकू वाहायचे ते कॅमेऱ्याच्या पिशवीवर, आणि लेन्सची झाकणे त्या वेळी लावलेली असू द्या.